एका विशेषणासाठी अर्ज

आमच्या गावच्या चर्चच्या आवारात मेलेल्या माणसाला काय काय करता येत नाही, याची चौदा पानी नियमावली आहे. चकचकीत काळा ग्रॅनाइट चालत नाही. फोटो चालत नाही. प्लास्टिकची फुलं, कागदी भिरभिरी, फुटबॉल क्लबची चिन्हं, काही काही चालत नाही. दगड चार फुटांहून उंच नको, आणि त्यावरचा मजकूर 'साधा, संयत व श्रद्धेला साजेसा' हवा. माणूस जिवंतपणी कसाही वागो, जमिनीखाली गेल्यावर त्याने इंग्लंडातल्या सफोक परगण्याच्या सभ्य लोकांना शोभेलसं राहावं, एवढंच आमचं मागणं.

ही नियमावली माझ्या ताब्यात असते. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी नऊ ते बारा मी चर्चच्या मागच्या खोलीत कारकुनी करते. खोलीत एक टेबल, एक हीटर, जो लावला की जळक्या धुळीचा वास सुटतो, आणि माझ्या तान्ह्या हेटीची बाबागाडी. ही नोकरी मला मिळाली कारण दुसऱ्या कुणी मागितली नाही. व्हिकर, म्हणजे आमच्या धर्मगुरू बाई, म्हणाल्या होत्या, "बाळाला खुशाल आण. इथल्या मंडळींचं सरासरी वय तरी खाली येईल."

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी बेरिल आंटी आली. बेरिल थर्केटल, वय एक्क्याऐंशी, आमच्या गल्लीतलं शेवटचं घर. तिचा नवरा पर्सी ऑगस्टात गेला. आमच्याकडे दगडाचा अर्ज सहा महिन्यांनंतरच घेतात. माती बसायला तेवढा वेळ लागतो म्हणे. माणसांना किती लागतो, ते नियमावलीत नाही.

"हा घे, पोरी," तिने अर्ज टेबलावर ठेवला आणि आधी बाबागाडीत डोकावली. "ही तुमची साहेबीण का? झोपलीय होय. सरकारी कामाची सवय लागली हिला."

अर्ज नीट भरलेला होता. दगड: स्थानिक, बिनचमकीचा. उंची: तीन फूट. मजकुराच्या चौकटीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

पर्सी थर्केटल
बेरिलचा सिली माणूस

सिली म्हणजे खुळा. बावळट, वेडपट, आणि लाडात आलं तर येडबंबू. आमच्याकडे लहान मुलांना, नवऱ्यांना आणि ओले पाय घेऊन सोफ्यावर चढणाऱ्या कुत्र्यांना म्हणायचा शब्द. थडग्यावर तो मी कधी पाहिला नव्हता.

"आंटी, हे..."

"स्पेलिंग चुकलंय?"

"नाही."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि हेटीचा निसटलेला मोजा वर ओढून निघून गेली.

पर्सी चाळीस वर्षं साखर कारखान्याला बीट पोचवणारा ट्रक चालवायचा. सकाळी आठला चौकात आमची शाळेची बस आणि त्याचा ट्रक समोरासमोर यायचे. तो ट्रक थांबवायचा, खाली उतरायचा, रस्त्याच्या मधोमध ताठ उभा राहायचा आणि हातातल्या बीटने बसला लष्करी सलाम ठोकायचा. दररोज. पावसातसुद्धा. आम्ही बारा पोरं त्या बाजूच्या खिडक्यांसाठी एकमेकांच्या झिंज्या ओढायचो. असा तो.

व्हिकर फिलिपा गॉसेज यांच्याकडे सात गावांची सात चर्च आहेत आणि एक छोटी गाडी, जिच्यात सात गावांचा चिखल आहे. त्यांनी अर्ज उभ्याउभ्याच वाचला.

"अरे वा," त्या म्हणाल्या. "फारच... वैयक्तिक आहे."

आमच्या बोलीत 'वैयक्तिक' म्हणजे नको. 'धाडसी' म्हणजे अजिबात नको. आणि 'बघू या' म्हणजे तुम्ही मरेपर्यंत नाही.

"तिला विचारू का, नक्की काय मनात आहे ते?" मी म्हटलं.

"अगं, नुकता नवरा गेलेल्या बाईला असं कसं विचारायचं?" त्या खरंच दचकल्या. "किती टोचेल तिला! नको, नको. समितीत ठेवू."

समिती चर्चच्या पडवीवजा खोलीत बसते. नऊ माणसं, एक किटली आणि आल्याच्या बिस्किटांचा डबा. बिस्किटं नरम झालेली असतात, पण ते बोलून दाखवणं बरं दिसत नाही. इतिवृत्त मी लिहिते. एका हाताने. दुसऱ्या हाताने त्या दिवशी हेटीची पाठ थोपटत होते.

"म्हणजे दगडावर असं कोरायचं, की इथे एक खुळा निजलाय?" खजिनदार म्हणाले.

"बिचारी बेरिल. दुःखाने असं होतं कधीकधी."

"बाहेरगावचे लोक येतात, चर्च बघायला. फोटो काढतील."

"कुणीतरी तिच्याशी बोलायला हवं," व्हिकर म्हणाल्या.

यावर सगळ्यांनी एकदम बिस्किटांकडे पाहिलं. डब्यात काहीतरी फार महत्त्वाचं चाललं असावं.

तेव्हा डॉ. लायनेल क्रॅनिच उभे राहिले. हे आमच्या गावचे डॉक्टर. पंचवीस वर्षं विद्यापीठात जुनी इंग्रजी शिकवून इथे निवृत्त झाले. नवीन माणूस आला की त्यांना गुडघा दाखवतो आणि 'गुडघा' या शब्दाची व्युत्पत्ती घेऊन परत जातो.

"मित्रहो," ते म्हणाले, "या शब्दाला खुळा समजणारे आपण कालचे लोक आहोत!"

त्यांच्या गालांवर लाली आली होती. चांगले सात महिने त्यांना गावात कुणी काही विचारलं नव्हतं.

"हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या तोंडी हा शब्द 'सेली' असा होता. आणि अर्थ? सुखी! भाग्यवान! ज्याच्यावर देवाचा हात आहे असा. धन्य! जर्मन लोक आजही दिवंगतांच्या नावाला त्याचाच सख्खा भाऊ असलेला शब्द लावतात. आपल्या सफोकला लोक सिली म्हणून हसतात, पण गावोगावी चर्च असलेली ही धन्य भूमी, असाच त्याचा मूळ अर्थ, असं म्हणणारे आहेत. मिसेस थर्केटल यांनी नकळत – नकळत! – आपल्या पतीला अत्यंत प्राचीन आणि पवित्र विशेषण दिलं आहे."

"मग ते खुळं कसं झालं?" खजिनदारांनी विचारलं.

ते डॉक्टरांनी वीस मिनिटं सांगितलं. मी इतिवृत्तात चार ओळींत घेतलं. ज्याच्यावर देवाची कृपा तो निष्पाप असणार. निष्पाप म्हणजे निरुपद्रवी, कोकरासारखा. कोकराची कीव येते, म्हणून बिचारा. बिचारा म्हणून दुबळा. दुबळा तो डोक्यानेही दुबळाच असणार, म्हणून शेवटी, साडेचारशे वर्षांपूर्वी, खुळा. धन्यपणापासून खुळेपणापर्यंत उतरायला त्या शब्दाला साडेपाचशे वर्षं लागली. आमच्या गावात भल्या माणसाचं हेच व्हायला एक हिवाळा पुरतो.

पण समितीचे चेहरे उजळले. प्रश्न सुटला होता, आणि तोही बेरिलशी एक अक्षर न बोलता. नियमावलीत नव्या कल्पनांना थारा नाही, पण एखादी गोष्ट पुरेशी जुनी निघाली की तिच्यासाठी लाल गालिचा. डॉक्टरांनी निवेदन लिहायचं, व्हिकरांनी ते चॅन्सेलरांकडे पाठवायचं. चॅन्सेलर म्हणजे बिशपच्या वतीने असल्या बाबींचा न्याय करणारे वकील. ठराव एकमताने मंजूर. बिस्किटं संपली.

निवेदन तेवीस पानांचं झालं. टंकलेखन माझं. हेटीला त्या दिवसांत पोटदुखी होती, त्यामुळे चौदाव्या शतकातला बराचसा भाग मी उभ्याने, झुलत झुलत टाइप केला.

नियमाप्रमाणे अर्जाची जाहीर सूचना अठ्ठावीस दिवस चर्चच्या दारावर लावावी लागते. डॉक्टरांनी आग्रह धरून तिच्याखाली आपल्या निवेदनाचा सारांशही लावला: 'सिली, म्हणजे धन्य.' आणि गावाने तो वाचला. आमचं गाव वाचतं. दारावर लावलेलं सगळं वाचतं.

मग पर्सीला संतपण चढायला लागलं.

पोस्टातली मिसेस ट्वेल्व्हट्रीझ म्हणाली, पर्सी तिकिटं घ्यायला आला की तिला नेहमी आत कुठेतरी शांत वाटायचं. याच पर्सीने तिच्या काउंटरवर जिवंत कोंबडी ठेवून 'ही मँचेस्टरला, साध्या टपालाने' असं सांगितलं होतं, आणि त्यावर ती चार दिवस त्याच्याशी बोलत नव्हती. चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांत पर्सीही असायचा; त्यांचा म्होरक्या म्हणाला, दोन घंटांच्या मधल्या वेळात पर्सी डोळे मिटून ध्यानस्थ बसायचा. तो घोरायचा. खालच्या बाकांवर ऐकू यायचं. पबमध्ये त्याचं नाव निघालं की लोक आवाज खाली आणायला लागले, आणि कोपऱ्यातली त्याची खुर्ची कुणीतरी पुसून ठेवली. ती पर्सी असताना कुणी कधी पुसल्याचं मला तरी आठवत नाही.

एका रविवारी तो प्रवचनातही आला. पाखरांवर आणि बालकांवर निर्व्याज प्रेम करणारा आपल्यातला एक धन्य आत्मा, असं व्हिकर म्हणाल्या. बेरिल आंटी तिसऱ्या रांगेत होती. तिने मान वळवून मागे पाहिलं, कुणाविषयी चाललंय ते बघायला.

बाहेर पडताना तिने माझी बाही धरली. "पोरी, कोण गेलं गं? मला कुणी सांगितलं नाही."

"आंटी... पर्सी."

"आमचा पर्सी?"

हेटीच्या टोपीची गाठ तिने दोनदा सोडून दोनदा बांधली.

मे महिन्यात चॅन्सेलरांचं पत्र आलं. निवेदन त्यांना पटलं होतं. शब्दाला परवानगी देण्याचा त्यांचा कल होता, एकाच अटीवर. अर्जदाराने सोबतच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी.

ते प्रतिज्ञापत्र घेऊन गुरुवारी मी बेरिलकडे गेले. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, कोंबड्या उंबऱ्यापर्यंत आलेल्या. तिने हेटीच्या हातात रस्क दिला, आमच्याकडचा, दगडासारखा. दात येणाऱ्या पोरांना याहून चांगलं काही नाही. मग चहा गरम राहावा म्हणून टीपॉटवर लोकरीची टोपी चढवली. हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची, वर गोंडा, चोचीला आणि कानाला एकेक भोक. भिंग काढून ती वाचायला बसली.

"'अर्जदार सदर शब्द त्याच्या प्राचीन अर्थाने, म्हणजे धन्य या अर्थाने, योजीत आहे.' अर्जदार कोण?"

"तू."

"मी? मी असं कधी म्हटलं?"

"तू नाही म्हटलंस. समितीला वाटलं की... तुला दुसरं काही म्हणायचं असणार नाही."

"मग मला विचारायचं."

"विचारलं तर तुला वाईट वाटेल म्हणून नाही विचारलं."

तिने भिंग खाली ठेवलं. "ऑगस्टापासून या गावाने मला सोळा केक आणून दिले. सोळा. दाराशी ठेवायचे, घंटी वाजवायची आणि पळायचं, पोरं करतात तसं. लिंबाचा, गाजराचा, परत लिंबाचा. एकाने आत येऊन म्हटलं नाही, बेरिल, कसा होता गं तुझा नवरा?"

त्यातला एक लिंबाचा माझा होता.

चहा मुरत होता. ती टोपीकडे बघत होती.

"ही घालायचा तो," ती म्हणाली. "थंडीत कोंबड्यांना दाणे टाकायला जाताना. एका कानाला गरम लागतं म्हणायचा, दुसऱ्या कानाने बातम्या ऐकतो. शेवटी औषधांनी केस गेले सगळे. ऑगस्टातली दुपार, खिडकी उघडी, नर्स आलेली. मी चहा घेऊन वर गेले, तर टीपॉट उघडाच. म्हटलं टोपी कुठेय? तर याच्या डोक्यावर. डोळे मिटून म्हणतो, 'आत्ता ओतू नकोस, बेरिल. दोन मिनिटं मुरू दे मला.'"

हेटीने रस्क खाली टाकला. बेरिलने तो उचलला, ॲप्रनला पुसला आणि परत दिला.

"नर्स एवढी हसली की तिला बसावं लागलं. मी म्हटलं, 'सिली माणसा.' मग मी साखर आणायला खाली गेले. परत आले तेव्हा..." तिने चहा ओतला. "म्हणजे माझ्या तोंडून त्याने ऐकलेलं शेवटचं ते. आणि आता मी देवाच्या दारात सही करून सांगू, की मी त्याला धन्य म्हटलं? धन्य! त्यानेच विचारलं असतं, बेरिल, तुला ताप आहे का?"

"आंटी, सही नाही केलीस तर शब्द मिळणार नाही."

"आणि केली तर पर्सी मिळणार नाही. तो गेला ते मी सोसलं, पोरी. पण ही मंडळी त्याच्या जागी दुसराच कुणीतरी पुरतायत. फुलं कुणाला घालू मी?"

मग मी ते केलं जे कारकुनाने करू नये. नियमावली पिशवीत होतीच, हेटीच्या लंगोटांखाली. पान अकरा काढून तिच्यासमोर धरलं. अर्जदाराला आपलं म्हणणं समक्ष मांडायचं असल्यास सुनावणीची मागणी करता येते.

"हे कुणी करतं का?"

"साठ वर्षांत कुणी केलेलं नाही."

"का?"

"बरं दिसत नाही."

"दे ते पेन इकडे," बेरिल आंटी म्हणाली.

सुनावणी जूनमध्ये, आमच्याच चर्चमध्ये झाली. वेदीसमोर जॅमच्या विक्रीचं घडीचं टेबल मांडलं होतं. त्याच्या एका पायाखाली स्तोत्रांचं पुस्तक घातलं, डुगडुगू नये म्हणून. चॅन्सेलर बारीक चणीचे होते आणि त्यांना सर्दी झाली होती. गाव झाडून हजर. कुणालाही उत्सुकता नव्हती, सगळे सहज तिथून चालले होते.

डॉक्टर आधी बोलले. तेवीस पानं, एकही न गाळता. बाराव्या शतकात हेटी रडायला लागली. तेराव्यात चॅन्सेलर शिंकले. सोळाव्या शतकापर्यंत पोचलो तेव्हा निम्मं चर्च ध्यानस्थ झालं होतं, पर्सीसारखंच.

"मिसेस थर्केटल," चॅन्सेलर म्हणाले, "आपण हा शब्द याच अर्थाने योजता ना?"

आंटी उभी राहिली. तिने चांगला कोट घातला होता आणि हातात मोठी पर्स होती.

"नाही साहेब. मी तो खुळा या अर्थाने योजते. पर्सी खुळा होता. बावन्न वर्षं होता, आणि एकही दिवस त्याने सुट्टी घेतली नाही."

बाकांवर एक श्वास आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. व्हिकरांनी डोळे मिटले.

"पण मिसेस थर्केटल!" डॉक्टर उभे राहिले. त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता. "तो अपमान ठरेल! शब्दाला एवढा मोठा, एवढा सुंदर इतिहास असताना तुम्ही नेमका त्याचा सगळ्यात खालचा अर्थ..."

"डॉक्टर, तुम्हाला कुणी कधी म्हटलंय का?"

"काय?"

"सिली."

डॉक्टरांनी खरोखर आठवून पाहिलं. ते सच्चे माणूस आहेत. "नाही," ते म्हणाले. "नसावं."

"मग तुम्हाला सगळे अर्थ माहीत आहेत, तेवढा हा एक सोडून. बसा. तुमची कंबर दुखत असेल."

डॉक्टर बसले. त्यांनी तेवीस पानांच्या कडा जुळवल्या. मग परत जुळवल्या.

चॅन्सेलरांनी नाक पुसलं. "लोक दगड वाचतील, बाई. हसतील. ते चालेल तुम्हाला?"

"साहेब, लोक हसले नाहीत तर तो उठून बसेल."

पहिलं हसू कुणाचं फुटलं माहीत नाही. दाबलेलं, खोकल्यासारखं. चॅन्सेलर आमच्याकडे वळले आणि विचारलं, दिवंगतांच्या या... गुणाबद्दल आणखी कुणाला काही सांगायचं आहे का? कारकुनाने बोलायचं नसतं. पण हेटी कडेवर होती, आणि पोर कडेवर असलं की बाईच्या अंगात जरा जास्त धीर येतो. मी उभी राहिले.

"मी त्या बसमध्ये होते," मी म्हटलं, आणि बीटचा सलाम सांगितला. सांगता सांगता हातही कपाळाला गेला.

मग मिसेस ट्वेल्व्हट्रीझ उठली. तिला बहुधा ती कोंबडी बरेच महिने आत टोचत होती. "साध्या टपालाने!" ती म्हणाली. "वर मला विचारतो, झोपवून पाठवली तर वजन कमी भरेल का!" घंटावाल्यांच्या म्होरक्याने कबूल केलं की ते ध्यान नव्हतं. खजिनदारांनी सांगितलं, एका सुगीच्या जेवणात पर्सीने त्यांच्या टोपीत कस्टर्ड ओतलं होतं आणि ती परत देताना 'साहेब, आपलं काहीतरी राहिलंय' म्हणाला होता. ते सांगताना खजिनदार रडत होते. पंधरा मिनिटांत पर्सीचं संतपण पार उतरलं, आणि दहा महिन्यांनी तो पहिल्यांदा आमच्यात येऊन बसल्यासारखा वाटला. बेरिल आंटी एकेकाकडे वळून ऐकत होती. तिला कोंबडीची गोष्ट माहीतच नव्हती.

"मला म्हणाला, कोल्ह्याने नेली!" ती ओरडली.

निर्णय तीन आठवड्यांनी टपालाने आला. एकूण नऊ परिच्छेद. आठ परिच्छेद दगडाच्या उंचीवर आणि पोतावर. नववा असा: शब्दास परवानगी आहे. अर्थ नमूद करण्याची आवश्यकता नाही. शेजारी पाटीच्या दगडाचा एक लहानसा खुलासा-फलक बसवण्याची जोड-विनंती डॉ. क्रॅनिच यांनी केली होती. ती नामंजूर. मृतांना तळटीप लागत नाही, असं मत न्यायालयाने नोंदवलं होतं. ती ओळ मी फाइल करण्याआधी दोनदा वाचली. हेटीलाही वाचून दाखवली.

ऑक्टोबरात दगड बसला. राखी, खरखरीत, तीन फूट. अक्षरं हाताने कोरलेली, आणि 'सिली'तले दोन एल अगदी खांद्याला खांदा लावून उभे. वारा भणभणत होता. आंटीने दगडावर हात फिरवला, घोड्याच्या मानेवर फिरवतात तसा, आणि एकदाच नाक ओढलं.

"खालची एवढी जागा कोरी का ठेवलीय?" मी विचारलं.

"माझी आहे ती. मजकूरही ठरवलाय. 'आणि त्याची सेन्सिबल बायको.'"

डॉक्टर क्रॅनिच जरा दूर, आवारातल्या सदाहरित यू वृक्षाखाली उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कुणी येऊ नका असंही म्हटलं नव्हतं. जून महिन्यापासून ते शुक्रवारी बेरिलकडे अंडी घ्यायला जात, आणि अंडी घ्यायला माणसाला तासभर लागत नाही, हे गावाने टिपून ठेवलं होतं. ते दोन पावलं पुढे आले. हात आपोआप कोटाच्या खिशातल्या वहीकडे गेला.

"सेन्सिबल?" ते म्हणाले. "बेरिल, तुम्हाला कल्पना आहे का, सहाशे वर्षांपूर्वी या शब्दाचा अर्थ..."

आंटीने पर्स उघडली. आतून हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची टोपी काढली आणि टाचा उंचावून त्यांच्या डोक्यावर बसवली, गोंडा मधोमध.

"वारा आहे, लायनेल. कान झाका."

हेटीला एव्हाना सहा दात आले होते. ते सहाच्या सहा दाखवून ती एवढी खदखदली की बाबागाडी हलली. डॉक्टर तसेच उभे राहिले. वही अर्धी खिशाबाहेर, एक कान चोचीच्या भोकातून बाहेर. त्यांनी टोपी काढली नाही. फाटकापर्यंत ते तसेच चालत गेले, आणि पोस्टाच्या काचेमागे मिसेस ट्वेल्व्हट्रीझ शिक्के मारायची थांबली.

गुरुवारी मी एक कोरा अर्ज काढून बेरिल आंटीच्या नावाने ठेवला. तिला म्हटलं, भरायची काही घाई नाही.

"बघू या," ती म्हणाली.